इथं प्रिंटर कोण हाय?

बेळगावात खडे बाजारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात उताऱ्याची प्रत काढायला गेलो होतो. पेनड्राइव्ह शोधत खिसे चाचपायला लागलो, तर दुकानदार म्हणाला, "ते कशाला? वायफायला जोडा की, आपोआप दिसतंय." जोडलं. दोन सेकंदांत फोनवर त्याच्या प्रिंटरचं नाव उमटलं!

हे 'आपोआप' म्हणजे चक्क हाक असते. निपाणी स्टँडवर एखादा "अक्कोळचं कोण हाय का?" म्हणून ओरडतो, ऐकतात सगळे, बोलतो अक्कोळचाच. फोननं तेच केलं. 224.0.0.251 या सामाईक पत्त्यावर त्यानं विचारलं, "इथं प्रिंटर कोण?" चार प्रिंटर असतील तर? गलका होऊ नये म्हणून प्रत्येकानं 20 ते 120 मिलिसेकंद, मनाला येईल तेवढं थांबून बोलायचं, असा रिवाज आहे.

नव्या प्रिंटरचं बारसं तर बघण्यासारखं. तो आधी पाव-पाव सेकंदाच्या अंतरानं तीनदा विचारतो, "हे नाव कुणी घेतलंय का?" कुणी हरकत घेतली, तर बिचारा दुसरं नाव निवडतो. नोंदवही नाही, शिक्का नाही, तंटा नाही.

नाव आणि आयपी पत्ता कळला तरी काम संपत नाही. पुन्हा हाक जाते, "192.168.1.7 कोण?" ज्याचा तो पत्ता, तो आपला 48 बिटांचा मॅक क्रमांक सांगतो, कारखान्यातून अंगावर गोंदवून आलेला. या दुसऱ्या हाकेची रीत डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर 1982 मध्ये लिहून ठेवली. तिचं नाव एआरपी. नावानं हाक मारण्याचा नियम मात्र 2013 चा. चाळीस वर्षांपूर्वीची ही एआरपीची आरोळी आज दुकानादुकानात चालू आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि प्रिंटर शोधणाऱ्या हाकेला वेस आहे. राज्याच्या सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून आमच्याकडचे बाजारहाट, सोयरिकी रोज ये-जा करतात. ही हाक मात्र राउटरच्या पलीकडे जात नाही. तिथं तो तिला थांबवतोच, नाहीतर जगातल्या यच्चयावत प्रिंटरांनी तुमच्या फोनला ओ दिली असती.

तेव्हा घरचा प्रिंटर दिसेनासा झाला, तर त्याला थापट्या मारण्याआधी फोन पाहुण्यांसाठीच्या वायफायवर तर नाही ना, ते बघा. तिथली हाक बहुधा घरातल्यांपर्यंत पोचूच दिली जात नाही.