कागदावरचं गाव

सकाळी ७. बारामतीच्या कसब्यात एका जुन्या घराचं मोजमाप. लेसर मीटरनं ओसरी, माजघर, स्वयंपाकघर मोजून झालं आणि घरातल्या आजींपुढं कोरा कागद ठेवला. "मला कुठलं चित्र येतंय!" म्हणत त्यांनी माजघर कागदभर काढलं आणि ओसरी एका रेघेत उरकली. माझ्या नकाशात ओसरीच मोठी. विचारलं, तर म्हणाल्या, "तिथं पुरुषमाणसं बसायची. माझं काय काम?"

९.३०. तीन हत्ती चौक. लोकांकडून असे नकाशे काढून घ्यायची रीत केव्हिन लिंच यांची. बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांशी बोलून त्यांनी १९६० साली 'द इमेज ऑफ द सिटी' लिहिलं. वाटा, कडा, विभाग, नाकी आणि खुणा अशी शहराची पाच अंगं मांडली. नीरा डावा कालवा मी बिनधास्त 'कडा' म्हणून धरला होता. रिक्षावाल्याच्या कागदावर कालवा नव्हताच, नुसते पूल. कॉलेजच्या पोरांनी एमआयडीसीतला पेन्सिल चौक मात्र पार गावाला आणून चिकटवला.

१२. ऑफिस. सगळे कागद एकावर एक. जी वाट जास्त जणांनी काढली, तिची रेघ जाड. कंटाळवाणं काम, पण टाळता येत नाही.

२.३०. इंदापूर तालुक्यातलं पळसदेव. जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली. पाणी ओसरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. सध्या धरण भरलेलं, टेप लावायचा प्रश्नच नाही. ऐंशीच्या घरातल्या एका बाबांनी आधी नदी काढली, मग देऊळ, मग आपलं घर. घरापासून घाटापर्यंतची वाट वळत वळत गेली. प्रत्येक वळणाला कुणाचा तरी गोठा, कुणाचं दार. पेन्सिल थांबली की बोट पुढं सरकायचं. नव्या गावठाणासाठी त्यांनी एक चौकोन काढला आणि कागद परत केला. "हितं काय काढायचं? समदे प्लॉट सारखेच."

६.३०. परत ऑफिस. हाताखालच्या मुलीनं ट्रेस करताना बाबांची वाट सरळ केली, वर उत्तर दिशेचा बाणही टाकला. दोन्ही पुसायला लावलं. बाबांच्या कागदात नदी खाली आहे, ती खालीच राहील.