चुलीचा धूर आणि मानवी आरोग्य : एक विवेचन

प्रस्तावना :
प्रदूषण हा शब्द उच्चारताच कारखान्यांची धुराडी, वाहनांची गर्दी आणि महानगरांवर दाटलेले धुरके डोळ्यांसमोर येते. हवेची गुणवत्ता मोजणारी केंद्रेही बहुतांशी शहरांतच आहेत. परंतु ग्रामीण भारतातील असंख्य स्त्रियांच्या बाबतीत सर्वाधिक दूषित हवा घराबाहेर नव्हे, तर स्वयंपाकघरातच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरगुती वायुप्रदूषणामुळे जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत पाच वर्षांखालील २ लाख ३७ हजारांहून अधिक बालके होती. या धुराचे स्वरूप, त्याचे शारीरिक परिणाम आणि त्यावरील उपायांच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धुराचे स्वरूप :
लाकूड पूर्णपणे जळाले तर त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ बाहेर पडेल. साध्या चुलीत मात्र सरपण, गोवऱ्या, तुराट्या वा पऱ्हाट्या यांना पुरेशी हवा मिळत नाही आणि ज्वलन अपूर्ण राहते. परिणामी कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, फॉर्माल्डिहाइड, बेंझोपायरीन यांसारखी द्रव्ये आणि अतिसूक्ष्म कण निर्माण होतात. २.५ मायक्रोमीटरपेक्षा कमी व्यासाचे कण (पीएम २.५) नाक व घसा यांना चुकवून फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात; म्हणून ते विशेष घातक ठरतात.

निर्मिती आणि मात्रा यांतील भेद :
किती धूर निर्माण झाला, यापेक्षा किती धूर श्वासावाटे शरीरात गेला, हे आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच मापनयंत्रे बसवून धुराची मात्रा मोजली. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने घरातील धुराकडे संशोधकांचे लक्ष वेधले. बाहेरच्या हवेत सोडलेल्या प्रदूषकापेक्षा घरात सोडलेले प्रदूषक माणसाच्या फुप्फुसात पोहोचण्याची शक्यता सुमारे हजारपट असते, हे सूत्र स्मिथ यांनीच मांडले. म्हणूनच कारखान्याच्या उंच धुराड्याच्या तुलनेत नगण्य वाटणारी चूल फुंकणी हाती घेऊन तिच्यासमोर बसलेल्या स्त्रीसाठी आणि तिच्या मांडीवरील मुलासाठी अधिक हानिकारक ठरते.

आरोग्यावरील परिणाम :
कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूच्या तुलनेत दोनशेहून अधिक पट घट्ट संयोग पावतो. त्यामुळे ऊतींना होणारा प्राणवायूचा पुरवठा घटतो. गर्भवतीच्या बाबतीत त्याची झळ गर्भालाही लागते. सूक्ष्म कणांमुळे श्वसनमार्गात दीर्घकाळ दाह राहतो आणि फुप्फुसांची रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते. बालकांतील न्यूमोनिया, प्रौढांतील दीर्घकालीन श्वसनरोध (सीओपीडी), हृदयविकार, पक्षाघात आणि मोतीबिंदू यांचा या धुराशी संबंध आढळला आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने घरात जाळलेल्या जैव इंधनाच्या धुराचा समावेश 'संभाव्य कर्करोगकारक' गटात, तर दगडी कोळशाच्या धुराचा समावेश 'निश्चित कर्करोगकारक' गटात केला आहे. सीओपीडी हा केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा रोग असल्याची समजूत दीर्घकाळ रूढ होती. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'द लॅन्सेट'मधील लेखात धूम्रपान न करणाऱ्यांमधील या रोगाकडे आणि त्यामागील चुलीच्या धुराकडे वैद्यकीय जगताचे लक्ष वेधले.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा :
१९८३ पासून शासनाने निर्धूर चुलींचा प्रसार केला. परंतु धुराडे धूर घराबाहेर काढते. तो नाहीसा करीत नाही. दाट वस्तीत तोच धूर शेजारच्या घरात शिरतो. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे आठ कोटींवी जोडणी देण्यात आली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण देशात ५८.६ टक्के, तर ग्रामीण भागात ४३.२ टक्केच होते. सिलिंडरसाठी एकरकमी पैसे मोजावे लागतात, सरपण मात्र शिवारात विनामूल्य मिळते. साहजिकच चहा गॅसवर होतो, तर भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर.

केवळ इंधन बदलल्याने अपेक्षित लाभ मिळतोच असेही नाही. भारत (तमिळनाडू), ग्वाटेमाला, पेरू व रवांडा या देशांतील ३,२०० गर्भवतींवरील अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. गॅस वापरणाऱ्या गटात सूक्ष्म कणांची मध्यक मात्रा प्रतिघनमीटर २३.९ मायक्रोग्रॅम, तर चूल वापरणाऱ्या गटात ७०.७ होती. एवढी घट होऊनही नवजात अर्भकांच्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली चोवीस तासांची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. गॅस वापरणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातही त्याहून अधिक कण जात होते. तसेच गॅस मिळण्यापूर्वी त्यांच्या गर्भारपणाचा काही काळ उलटून गेला होता. यावरून गॅस निरुपयोगी ठरत नाही. मात्र एका घरापुरता आणि उशिरा झालेला बदल पुरेसा नसतो, असा अर्थ त्यातून निघू शकतो.

समारोप :
चुलीचा धूर हा केवळ इंधनाचा प्रश्न नसून कुटुंबातील श्रमविभागणीचाही प्रश्न आहे. सरपण आणणारी, चूल पेटविणारी आणि धूर गिळणारी व्यक्ती बहुधा एकच असते. सिलिंडरसाठी पैसे खर्च करण्याचा निर्णय मात्र अनेकदा तिच्या हाती नसतो. महाविद्यालयीन पर्यावरण अभ्यासात आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामसर्वेक्षणांत 'घरी गॅस जोडणी आहे का?' एवढाच प्रश्न विचारला, तर हे वास्तव झाकलेलेच राहते. 'काल चूल किती वेळ पेटली आणि तिच्यासमोर कोण बसले होते?' हा प्रश्न विचारला, तरच धुराची खरी मात्रा आणि ती सोसणारी व्यक्ती नोंदीत येईल.