मोटार कोणत्या चाकांनीं चढते?



पावसाळा लागला कीं पुण्याच्या मोटारी मुळशीची वाट धरतात. चांदणी चौक, पिरंगुट व पौड मागें टाकून रस्ता मुळशी धरणाच्या कांठानें ताम्हिणीच्या घाटांत शिरतो आणि सह्याद्रि उतरून कोंकणांत माणगांवकडे जातो. तिकडच्या पावसाची पुणेकरास सहसा कल्पना नसते. पुणें शहरांत सबंध वर्षांत सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो; ताम्हिणीस २०२४ सालच्या जुलै महिन्यांत अवघ्या २४ तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा पावसांत डोंगरावरची माती रस्त्यावर उतरते आणि आडवाटांचा तर निव्वळ राडा होतो. मग एक नवल दृष्टीस पडतें. एकाच चढावर एक मोटार निमूटपणें वर जाते, आणि दुसरी जागच्या जागीं चाकें गरगर फिरवीत राहते. पाहणारे म्हणतात, पहिलीचें इंजिन दमदार आणि दुसरीचें कमजोर. हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. जिचीं चाकें गरगर फिरत आहेत तिच्या इंजिनांत शक्ति आहे हें उघडच आहे. उणीव आहे ती पकडीची. ही पकड कोठून येते, आणि इंजिनाची शक्ति पुढच्या चाकांना दिल्यानें किंवा मागच्या चाकांना दिल्यानें तींत काय फरक पडतो, याचा विचार आज करावयाचा आहे.

बैलगाडीचें चाक गाडी ओढीत नाहीं; तें नुसतें मागून फिरत येतें. ओढतात ते बैल, आणि बैलाला जोर मिळतो तो जमिनींत रोंवलेल्या खुरामुळें. खूर घसरला म्हणजे बैल कितीहि बलवान असो, गाडी हालत नाहीं. मोटारींत इंजिनाची शक्ति ज्या चाकांना मिळते त्यांना आपण चालक चाकें म्हणूं. चालक चाक हाच मोटारीचा खूर होय. तें जमिनीला मागें लोटूं पाहतें आणि त्या बदल्यांत जमीन गाडीला पुढें लोटते. हा व्यवहार घर्षणावर चालतो, आणि घर्षण मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असतें. एक, टायर आणि रस्ता यांची प्रकृति. दुसरी, त्या चाकावर पडणारें वजन. कोरड्या डांबरी रस्त्यावर वजनाच्या सात दशांश आणि ओल्या चिखलावर दोन दशांश पकड मिळते, असें हिशेबासाठीं धरूं.

आतां मोटारींच्या जाति पाहूं. आरंभीच्या काळांत इंजिन पुढें आणि चालक चाकें मागें ही व्यवस्था रूढ झाली. पुढच्या चाकांना वळावेंहि लागतें, आणि वळत्या चाकाला अखंड शक्ति पोंचविणारा सांधा बनविणें त्या वेळीं अवघड होतें. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीनें १९३४ सालीं पुढच्या चाकांनीं चालणारी मोटार मोठ्या प्रमाणावर काढली. इंग्लंडांत अॅलेक इसिगोनिस यांनीं १९५९ सालच्या मिनि मोटारींत इंजिन आडवें बसवून ती रचना लहान गाडींत आटोपशीर करून दाखविली. आपल्याकडे मुंबईत कुर्ल्यास तयार होणारी प्रीमियर पद्मिनी मागच्या चाकांनीं चाले. २०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत तिनें मुंबईच्या टॅक्सीव्यवसायाचा निरोप घेतला. १९८३ सालच्या डिसेंबरांत आलेल्या मारुति ८०० नें पुढच्या चालक चाकांची रचना मध्यमवर्गाच्या दारांत आणली. २००९ सालीं विक्रीस आलेल्या टाटांच्या नॅनोंत इंजिन आणि चालक चाकें दोन्हीहि मागें होतीं. जीपच्या कुळांत चारी चाकांना शक्ति देण्याची सोय असते. २०२५ सालीं आलेल्या टाटांच्या विजेच्या हॅरियरच्या एका प्रकारांत पुढें एक व मागें एक अशा दोन मोटरी बसवून हेंच कार्य साधलें आहे.

यांपैकीं चढास कोणती बरी? एक सोपें गणित करूं. चालक धरून १००० किलो वजनाची मोटार घ्या. इंजिन पुढें असल्यानें सपाटीवर पुढच्या चाकांवर ६०० आणि मागच्या चाकांवर ४०० किलो भार आहे. दहा फुटांस एक फूट असा चिखलाचा चढ आहे. तो चढण्यास सुमारें १०० किलोचा जोर लागेल. परंतु चढावर गाडीचा भार मागें ओसरतो. दोन आंसांमधील अंतर २.४ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.६ मीटर धरली, तर हा ओसरणारा भार २५ किलो येतो. म्हणजे पुढें ५७५ आणि मागें ४२५ किलो राहिले. यांचे दोन दशांश घ्या. चालक चाकें पुढें असतील तर ११५ किलोचा जोर मिळेल. मागें असतील तर ८५ किलोचाच. चारी चाकें चालक असतील तर २०० किलोचा. लागणार होता १०० किलोचा. तेव्हां पहिली मोटार चढेल, दुसरी चाकें फिरवीत उभी राहील, आणि तिसरी सर्वांत सुखानें चढेल. चढून जें उरतें त्यांतूनच वेग वाढविण्यास जोर मिळतो. पहिलीपाशीं अवघे १५ किलो शिल्लक आहेत, तिसरीपाशीं १००.

पण येथेंच निकाल देऊं नका. याच मोटारींत मागच्या बाकावर तीन माणसें बसवा आणि मागें सामान भरा. वजन ३०० किलोंनीं वाढून १३०० झालें, आणि बहुतेक भर मागें पडल्यामुळें पुढें ६५० व मागें ६५० अशी वांटणी झाली असें समजूं. आतां चढण्यास १३० किलोचा जोर हवा, आणि मागें ओसरणारा भार साडेबत्तीस किलो आहे. पुढच्या चाकांवर सहाशें साडेसतरा, म्हणजे ६१७.५ किलो राहतात, त्यांचे दोन दशांश १२३.५; मागच्यांवर ६८२.५, त्यांचे दोन दशांश १३६.५. पारडें फिरलें! एकटा चालक असतांना जी पुढच्या चाकांची मोटार चढली ती कुटुंब घेऊन अडकली, आणि जी अडकली होती ती चढून गेली. एस.टी.च्या गाडींत मागच्या आंसावर जोडटायर असतात आणि शक्तीहि तेथेंच दिलेली असते, यांतील मर्म हेंच आहे; उतारूंचा मोठा भार तेथेंच पडतो.

कोरड्या रस्त्यावर मात्र हा भेद पुसट होतो. त्याच चढावर रिकाम्या मोटारीच्या पुढच्या चाकांना ४०२ आणि मागच्यांना २९७ किलोपर्यंत पकड मिळेल, आणि हवे आहेत १०० किलो. तेथें वेग किती लवकर वाढेल हें इंजिन ठरवितें. इंजिन फारच बलवान असेल तर गोष्ट निराळी. जोरानें निघतांना चढावरच्याप्रमाणेंच भार मागें ओसरतो, म्हणून शर्यतीच्या मोटारींत शक्ति मागच्या चाकांना देणें फायद्याचें ठरतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आंतल्यापेक्षां अधिक अंतर कापावें लागतें, म्हणून दोन्ही चालक चाकांमध्यें डिफरन्शियल नांवाचें दांतेरी चक्रांचें जुळण असतें. साधें डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतें. एक चाक साइडपट्टीच्या चिखलांत गेलें आणि त्याला ५ किलोचीच पकड राहिली, तर डांबरावरच्या दुसऱ्या चाकालाहि जवळजवळ तेवढाच जोर मिळतो. मग अॅक्सिलरेटर कितीहि दाबा, चिखलांतलें चाक खड्डा खणीत बसेल. अशा वेळीं दगड किंवा फांद्या घालावयाच्या त्या फिरणाऱ्या चाकाखालीं, आणि गाडी वरच्या गिअरांत हलक्या पायानें काढावयाची. जुन्या धर्तीच्या जीपांत चारी चाकांची जोडणी केली म्हणजे पुढचा व मागचा आंस एकमेकांस जखडले जातात; ती जोडणी निसरड्या भूमीवरच करावी, कोरड्या डांबरावर करूं नये, नाहींतर टायर घासतात आणि यंत्रावर ताण पडतो.

येथवर सारा विचार चढाचा झाला. परंतु घाट चढावा लागतो तसा उतरावाहि लागतो, आणि खरा धोका तेथें आहे. ब्रेक सर्व मोटारींत चारी चाकांना असतो. चालक चाकें पुढें असोत, मागें असोत वा चारी असोत, थांबण्यासाठीं मिळणारी पकडीची पुंजी एकच. ताशी ४० किलोमीटर वेगानें दहांस एक अशा उतारावर मोटार येत आहे. रस्ता कोरडा असेल तर ब्रेक लागल्यावर ती सुमारें साडेदहा मीटरांत थांबेल. चिखल असेल तर पकड दोन दशांश, आणि त्यांतील एक दशांश उतारच खाऊन टाकतो. उरलेल्या एक दशांशावर थांबण्यास सुमारें ६३ मीटर लागतील. एवढ्या अंतरांत घाटाचें एखादें वळण सहज येऊन जातें. चाकें जखडूं न देणारा नवा ब्रेक स्टीअरिंग हातीं राखतो, पण रस्त्यानें न दिलेली पकड तो निर्माण करूं शकत नाहीं.

चारी चाकांच्या मोटारीचा मालक येथेंच फसतो. इतरांचीं चाकें चढावर घसरूं लागलीं कीं त्यांना रस्ता निसरडा आहे ही सूचना मिळते. याची मोटार मात्र न घसरतां वर जाते, त्यामुळें त्याला ती सूचना मिळतच नाहीं. आणि चढतांना मिळालेला विश्वास तो उतरणीवर व वळणावर खर्च करतो. अगदीं मंद उतरतांना इंजिनाचा अटकाव चारी चाकांवर वांटला जातो, हा लाभ खरा आहे. पण वेगाची भरपाई त्यानें होत नाहीं.

तात्पर्य, मोटार विकत घेतांना तिच्या इंजिनाच्या अश्वशक्तीबरोबर तिचीं चालक चाकें कोणतीं आणि आपल्या कुटुंबाचा भार कोणत्या आंसावर पडणार, हेंहि विचारावें. आणि मुळशीच्या वाटेनें पावसांत जाल तेव्हां चढ कोणत्याहि चाकांनीं चढा. ज्या गिअरांत चढाल त्याच गिअरांत उतरा, आणि वेग मात्र चिखलाला विचारून ठरवा.