कपाटातला मायक्रोस्कोप पोरींच्या हातात कसा येईल?

ताईंनो, सातवी-आठवीत शिकणाऱ्या आपल्या लेकरांचं विज्ञानाचं पुस्तक एकदा उघडून बघा. त्यात पेशींचा धडा आहे, सूक्ष्मजीवांचा धडा आहे. मुलं आकृती काढतात, नावं देतात, मार्कही मिळवतात. आता लेकीला एवढंच विचारा, "हे तू स्वतःच्या डोळ्यानं बघितलंस का?" बऱ्याच घरांत एकच उत्तर येईल, "न्हाई, पुस्तकात बघितलं."

खरं तर कांदा आपल्या घरात रोज चिरला जातो. त्याच्या पापुद्र्यात पेशी विटांच्या भिंतीसारख्या ओळीनं रचलेल्या असतात. कांदा घरात, डोळे लेकीजवळ. मधे फक्त एक भिंग कमी पडतं. ते भिंग शाळेत कसं आणायचं आणि त्यात आपल्या गटाचं काय काम आहे, ते या लेखात बघू.

कुलूप कशासाठी?

शाळेतला नेहमीचा मायक्रोस्कोप, म्हणजे सूक्ष्मदर्शक, हजारो रुपयांचा असतो. कित्येक शाळांत तो नाहीच. जिथं आहे तिथं वर्गाला मिळून एक, आणि तोही कपाटात. यात मास्तरांना बोल लावून उपयोग नाही. महागाची वस्तू मोडली तर भरून कोण देणार, ही भीती त्यांनाही असते. मग बाई लेन्स लावून ठेवतात, मुलं रांगेनं येतात, एक डोळा मिटून क्षणभर बघतात आणि पुढं सरकतात. काय दिसलं ते कळायच्या आत पाळी संपते.

आपल्याकडचा अनुभव आठवा. मशीन दुसऱ्याच्या हातात असताना नुसतं बघून कुणी शिवण शिकलंय का? पायडल आपल्या पायाखाली आलं, दोनदा धागा तुटला, तेव्हा शिवण आली. मायक्रोस्कोपचंही तसंच आहे. लेकराला तो स्वतः हलवता आला पाहिजे, चुकीचा धरून पुन्हा नीट धरता आला पाहिजे. त्यासाठी तो इतका स्वस्त हवा, की मोडला तरी कुणी ओरडणार नाही.

कागदाचा मायक्रोस्कोप

हाच विचार मनु प्रकाश या शास्त्रज्ञानं केला. ते मूळचे मेरठचे. कानपूरच्या आयआयटीत शिकले आणि पुढं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. दुर्गम भागातल्या केंद्रांवर महागडे मायक्रोस्कोप असूनही लोक त्यांना हात लावायला घाबरतात, हे त्यांनी पाहिलं. मग जिम सायबुल्स्की आणि इतर सहकाऱ्यांसोबत त्यांनी कागदाचा मायक्रोस्कोप तयार केला आणि २०१४ साली त्याची माहिती जगापुढं मांडली. त्याचं नाव फोल्डस्कोप, म्हणजे घडीचा मायक्रोस्कोप.

तो एका जाड कागदावर छापलेला असतो. भाग सुटे करायचे, खुणांप्रमाणे घड्या घालायच्या, की तयार. त्यात ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक, मण्यासारखी गोल लेन्स बसवलेली असते. वजन काही ग्रॅम. खिशात किंवा दप्तरात मावतो. नेहमीचा फोल्डस्कोप वस्तू सुमारे १४० पट मोठी दाखवतो. म्हणजे आपल्या डोक्याचा केस करंगळीएवढा जाड दिसतो. लहानशा लोहचुंबकानं तो मोबाइलच्या कॅमेऱ्याला जोडता येतो, म्हणजे फोटोही निघतो.

सुरुवातीला त्याच्या सुट्या भागांचा खर्च एक डॉलरच्या आत बसवला होता. बाजारात मिळणाऱ्या संचाची किंमत त्याहून जास्त असते आणि संचात काय काय आहे त्यावर ती बदलते. तरीही शाळेच्या एका मायक्रोस्कोपच्या पैशात बऱ्याच मुलांच्या हातात हा देता येतो. जगभरात आजवर दहा लाखांहून जास्त फोल्डस्कोप पोचलेत. आपल्या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानंही मनु प्रकाश यांच्या प्रयोगशाळेशी करार करून शाळा-कॉलेजांना तो वापरण्यासाठी अनुदान दिलं होतं.

एका कापडवाल्याचं भिंग

एकच मणी एवढं मोठं दाखवतो, हे खोटं वाटेल. पण ही युक्ती साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात लेवेनहुक नावाचा कापडाचा व्यापारी होता. त्या धंद्यात कापडाचे धागे भिंगानं तपासायची पद्धत होती. इचलकरंजीच्या मागावर काम केलेल्या आपल्या मैत्रिणींना हे सांगायला नको. धागे मोजायचं भिंग तिथं आजही लागतं. लेवेनहुकनं स्वतःच्या हातानं बारीक लेन्स घासल्या, आणि १६७४ च्या सुमारास तळ्याच्या पाण्याचा थेंब त्यातून बघितला. थेंबात जिवंत प्राणी पळत होते! त्याआधी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हा माणूस विद्यापीठात शिकलेला नव्हता. हातात भिंग होतं आणि बघायची हौस होती.

आज घरी करून बघा

पैसे न घालता सुरुवात करता येते. प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा वर्तमानपत्रावर ठेवा. त्यावर पाण्याचा एक लहान थेंब सोडा. थेंबाखालचं अक्षर मोठं दिसेल. तुकडा हळूच थोडा वर उचला, अक्षर आणखी मोठं होईल. पाण्याचा फुगीर थेंब हेच आपलं पहिलं भिंग. लेकरांना हे दाखवा, मग पुढचं त्यांना आपोआप कळेल.

फोल्डस्कोप हाती आला की पहिला प्रयोग कांद्याचा:

१. कांद्याची आतली जाड पाकळी घ्या आणि मोडा. आतल्या बाजूनं पातळ पारदर्शक पापुद्रा सुटतो. नखाएवढा तुकडा पुरे.

२. तो काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा. घडी पडू देऊ नका.

३. जखमेला लावायच्या आयोडीनच्या औषधाचा एक थेंब पाण्यात पातळ करून त्यावर सोडा. पेशींच्या कडा आणि मधला ठिपका उठून दिसतो.

४. वरून पातळ काच किंवा पारदर्शक चिकटपट्टी लावा. काचपट्टी फोल्डस्कोपमध्ये सरकवा आणि खिडकीच्या उजेडाकडं धरून बघा.

सूर्याकडं धरून कधीच बघू द्यायचं नाही. डोळ्याला कायमची इजा होते. हे लेकरांना पहिल्याच दिवशी सांगा.

मग जास्वंदीचे परागकण बघा, काटेरी चेंडूसारखे दिसतात. हौदातलं शेवाळ बघा, हिरव्या साखळ्या दिसतील. कुंडीखालच्या साठलेल्या पाण्याच्या थेंबात नशीब असेल तर चपलेच्या आकाराचा पॅरामेशियम पळताना दिसेल. पुस्तकातलं चित्र हलायला लागतं ते तेव्हा.

आणि शेतही विसरू नका. २००२ साली सांगलीकडून उसावर लोकरी मावा आला, तेव्हा आपल्या भागातले शेतकरी हवालदिल झाले होते. पुढं हा मावा खाणारे मित्रकीटकही आहेत, हे सगळ्यांना समजलं. पानावरचा कीटक शत्रू की मित्र हे ओळखायला आधी तो नीट दिसायला लागतो. लेकीनं पान भिंगाखाली धरून सांगितलं, "आई, ही अळी मावा खातीया," तर कदाचित एक फवारणी वाचेल. नक्की करायला कृषी सहायकाला दाखवावं, पण प्रश्न विचारायची सुरुवात घरातून होते.

यात काय दिसत नाही

हे मात्र नीट वाचा, आणि गटात मोठ्यानं वाचून दाखवा.

मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. फोल्डस्कोपमधून साधारण दोन मायक्रॉनपर्यंतचं बारीक दिसतं. जुलाबाचे कितीतरी जंतू त्याच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात. काविळीचा विषाणू तर इतका लहान, की शाळेतल्या कुठल्याच मायक्रोस्कोपमधून दिसणार नाही. म्हणून थेंबात काही दिसलं नाही म्हणजे पाणी शुद्ध, असं अजिबात समजू नका. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्या आपल्याला पूर ओसरल्यावर काय काय आजार येतात ते माहीत आहे. २०१९ आणि २०२१ ही दोन वर्षं आपण विसरलेलो नाही. पाणी उकळणं, टीसीएल टाकणं सुरूच ठेवायचं. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. आपल्या गावात त्या पाच जणी कोण, हे विचारा. तपासणी त्यांच्या किटनं आणि प्रयोगशाळेतच करायची.

तसंच रक्त, थुंकी असलं काही मुलांना बघायला देऊ नका. आजाराचं निदान आरोग्य केंद्रातच होतं.

आपण काय करू शकतो?

बचतीचा पैसा यात घालायची गरज नाही. वाट वेगळी आहे.

पहिली गोष्ट, शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणी तिथं आहेत. शाळेचा विकास आराखडा करणं हे याच समितीचं काम. पुढच्या सभेला जाल तेव्हा आधी विचारा, "शाळेत मायक्रोस्कोप आहे का? असला तर चालू आहे का? या वर्षी मुलांनी तो किती वेळा हाताळला?" कधीकधी नुसता आरसा पुसायचा किंवा एक लेन्स बदलायची असते, आणि पडून असलेलं यंत्र चालू होतं.

दुसरी गोष्ट, गरज मोजा. वर्गात तीस मुलं असतील तर तिघांत एक या हिशोबानं दहा फोल्डस्कोप पुरतात. कर्जाची वस्तू घेताना जसं दोन-तीन ठिकाणी विचारतो तसं कोटेशन घ्या. संचात काचपट्ट्या आहेत का, सूचना मराठीत आहेत का, लेन्स हरवली तर वेगळी मिळते का, हे विचारून घ्या.

तिसरी गोष्ट, पैसे. शाळेला दरवर्षी संयुक्त अनुदान येतं, त्यातून किती निघतं ते मुख्याध्यापकांना विचारा. 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यासाठी महिला सभा होते, तिथं ही मागणी लेखी द्या आणि ठरावात आली का ते बघा. नुसतं तोंडी सांगितलेलं इतिवृत्तात येत नाही, हे आपल्याला गटाच्या कारभारातून चांगलं माहीत आहे.

चौथी गोष्ट, माणसं. जयसिंगपूर, इचलकरंजी, कुरुंदवाडच्या कॉलेजांत विज्ञान शिकवणारे प्राध्यापक आहेत. एका शनिवारी त्यांना शाळेत बोलवा. मास्तरांना एकदा हाताळायला मिळालं की कपाटाचं कुलूप आपोआप सैल होतं.

आणि एक अट आपणच घालायची: यंत्र मुलींच्याही हातात गेलं पाहिजे. मुलगे पुढं, मुली वहीत आकृती काढायला मागं, असं होऊ द्यायचं नाही. आठवड्यातून एकदा आळीपाळीनं ते घरी न्यायलाही द्यावं. मग आई, आजी सगळ्याच बघतील.

आपलं जयसिंगपूर शाहू महाराजांनी १९१७ साली वसवलं. त्याच वर्षी त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. लेकरू शाळेत जातं का, ही त्या वेळची काळजी होती. आपली लेकरं आज शाळेत जातात. तिथं गेल्यावर त्यांच्या हातात काय मिळतं, हे विचारायची पाळी आता आपली आहे.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते-वसुली झाल्यावर दहा मिनिटं या विषयाला द्या. शाळा व्यवस्थापन समितीवर कोण कोण आहे ते लिहून काढा आणि प्रश्न विचारायला एकीचं नाव ठरवा. शाळेतून जे उत्तर मिळेल ते ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा.