जुन्या डीझेल मोटारीचा हिशेब

जुनी डीझेल मोटार काटकसरी, ही ख्याति खोटी नव्हे. परंतु लिटरावर मोजलेली काटकसर थोडी फुगलेलीच असते. डीझेलचें लिटर पेट्रोलहून वजनानें भारी, आणि त्यांत उष्णताही सुमारें दहा टक्क्यांनीं अधिक. तेवढें वजा घालून उरेल तें इंजिनाचें कर्तृत्व समजावें. पेट्रोल इंजिन सावकाश चालतांना थ्रॉटल त्याची हवा अडवितो व ती ओढण्यांत शक्ति वायां जाते. डीझेल इंजिन बहुधा हवा पोटभर घेतें. कमीजास्त होतें तें तेल. म्हणून थांबत्या रहदारींत त्याची सरशी विशेष.

आतां हौशी मंडळींच्या खटपटीविषयीं. जर्मनींतील १९७६ च्या मर्सिडीझ ३०० डी चें तीन लिटरांचें इंजिन ८० अश्वशक्तीचें होतें. १९८० च्या ३०० टीडी मध्यें जवळजवळ तेवढ्याच इंजिनानें टर्बोच्या साह्यानें १२५ अश्वशक्ति दिली. हें पाहून कित्येक जण साध्या गाडीच्या पंपांतून अधिक तेल सोडवितात. पण टर्बोनें आधीं हवा वाढविली होती! हवेवांचून तेल वाढविल्यास काळा धूर निघतो, उष्णता भडकते व दट्ट्यांच्या जिवावर बेततें. आमच्या मतें हा पैसा इंजेक्टर तपासण्यांत आणि थंड इंजिनावर झडपांची फट (आंत घेणारीची ०.१० व बाहेर टाकणारीची ०.३० मिलिमीटर) जुळविण्यांत घालावा. फरक पडला कीं नाहीं, हें टाकी काठोकाठ भरून चारपांच खेपांच्या सरासरीवरून पाहावें.