विवाहखर्चाचा ताळेबंद : उल्हासनगर-अंबरनाथ परिसराच्या निमित्ताने

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे लोहमार्गाच्या एकाच फाट्यावर वसलेली असली, तरी येथील विवाहविधी एका साच्यातले नाहीत. आगरी समाजात परंपरेने धवलारीण धवले गाऊन विधी पार पाडते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या आणि 1949 साली उल्हासनगर हे नाव मिळालेल्या वसाहतीत स्थिरावलेल्या सिंधी कुटुंबांच्या चालीरीती वेगळ्या. कारखान्यांतील नोकरीच्या निमित्ताने घाटावरून व कोकणातून आलेल्यांनी आपापल्या गावची पद्धत बरोबर आणली. विधी भिन्न असले तरी खर्चाची चिंता मात्र सर्वांच्या घरी सारखीच आहे.

विवाहखर्चामुळेच शेतकरी कर्जबाजारी होतो, हा समज फार जुना आहे. 1875 च्या दख्खनमधील दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगाने तो तपासून पाहिला, तेव्हा या कारणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेल्याचे त्यास आढळले. बी-बियाणे, बैल, धान्य व सारा यांसाठी काढलेल्या लहान लहान रकमाच साचून मोठ्या होत असत. गरिबाच्या प्रत्येक कर्जाचे खापर त्याच्या हौसेवर फोडणाऱ्यांनी हा निष्कर्ष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तथापि लग्नाच्या कर्जाचे एक वैशिष्ट्य उरतेच. बैलासाठी काढलेले कर्ज बैल फेडू लागतो. मांडवासाठी काढलेले कर्ज माणसालाच फेडावे लागते.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार ही रक्कम साधारणतः पगारदारांच्या पतसंस्थेतून किंवा भविष्य निर्वाह निधीतून उभी करतो. निधीतून विवाहासाठी अंशतः रक्कम काढण्याची सोय आहे आणि ती परत भरावी लागत नसल्याने सोपी वाटते. परंतु सालिना 8 टक्के चक्रवाढ व्याज धरल्यास 1 लाख रुपये 18 वर्षांत सुमारे 4 लाख होतात. म्हणजे चाळिशीत काढलेला लाख हा निवृत्तीच्या वेळचे चार लाख असतो. लग्नाच्या हिशेबात हा आकडा कोणी मांडत नाही.

काटकसरीचा विचार सुरू होतो तो बहुधा लग्नपत्रिका व फुलांपासून; वस्तुतः तेथे वाचते फार थोडे. खरा खर्च पंगतीवर, कार्यालयावर आणि सोन्यावर होतो. पंगतीचा हिशेब साधा आहे. एका पानाला 300 रुपये धरले, तर 500 पानांचे दीड लाख होतात. निमंत्रितांची यादी 350 वर आणली की 45 हजार वाचतात. कार्यालयाच्या भाड्याचे गणित मुहूर्ताशी निगडित आहे. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारा हंगाम पावसाळ्याच्या तोंडाशी संपतो. त्यातही रविवारी मुहूर्त आला की मागणी वाढते आणि भाव चढतो. आडवारी विवाह करणे, तसेच सायंकाळचा स्वतंत्र स्वागतसमारंभ वगळून दुपारच्या भोजनातच सर्वांची भेट उरकणे, हे दोन उपाय मानपानाला धक्का न लावता अमलात आणता येतात. बस्ता बांधण्यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. उल्हासनगरची कापडाची व लाकडी सामानाची बाजारपेठ बाहेरगावच्या लोकांनाही ओढून आणते.

अलीकडे हळदीची रात्र लग्नाइतकीच खर्चिक झाली आहे. कर्णकर्कश वाद्ये, सामिष जेवणावळी आणि मद्य यांवर एका रात्रीत होणाऱ्या खर्चाविरुद्ध ठाणे व रायगड जिल्ह्यांतील समाजाच्या बैठकांतूनच आवाज उठू लागला आहे. घरोघरी उपदेश करण्यापेक्षा गावाने एकत्र बसून मर्यादा ठरवणे अधिक परिणामकारक ठरते, कारण मग खर्च टाळणाऱ्याला कोणी कंजूष म्हणत नाही.

साधेपणाने लग्न करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. महात्मा फुले यांनी सप्टेंबर 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पुरोहिताविना, अल्प खर्चात पहिला सत्यशोधक विवाह पार पडला. गाडगे महाराजही आपल्या कीर्तनांतून ऋण काढून लग्न करणाऱ्यांची कानउघाडणी करीत. देण्या-घेण्याविरुद्ध कायदा करण्यातही सिंध प्रांत पुढे होता. तेथील देती-लेती कायदा 1939 चा आहे. संपूर्ण देशासाठी हुंडा प्रतिबंधक कायदा आला तो 1961 साली. हुंडा घेण्याप्रमाणे देणे हाही गुन्हा आहे. विवाहात मिळालेल्या भेटींची, त्यांच्या अंदाजे किमतीची व देणाऱ्याच्या नात्याची लेखी यादी ठेवावी, असे 1985 चे नियम सांगतात. ही यादी क्वचितच केली जाते.

नोंदणीबाबत दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. धार्मिक विधीने लग्न झाल्यावर त्याची नोंद करणे ही एक बाब. राज्याच्या 1998 च्या कायद्यानुसार ती 90 दिवसांच्या आत करावयाची असते. शहरात महानगरपालिका वा नगरपरिषदेकडे, खेड्यात ग्रामपंचायतीकडे. नोंदणी पद्धतीने लग्नच करणे ही दुसरी बाब. तिच्यासाठी 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. वधूवरांपैकी एकाचे वास्तव्य किमान 30 दिवस ज्या जिल्ह्यात असेल, तेथील विवाह अधिकाऱ्यांना नोटीस द्यावी लागते. 30 दिवसांत ग्राह्य हरकत न आल्यास तीन साक्षीदारांसमक्ष विवाह होतो. नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह न झाल्यास ती नव्याने द्यावी लागते.

शेतकरी व शेतमजुरांच्या मुलींसाठी महिला व बालविकास विभागाची शुभमंगल सामूहिक विवाह योजना आहे. प्रारंभी दर जोडप्यामागे 10,000 रुपये अनुदान होते. पुढे त्यात वाढ करण्यात आली. सामूहिक सोहळ्यात न जाता थेट नोंदणी विवाह करणाऱ्यांनाही तिचा लाभ मिळू शकतो, याची माहिती खेडोपाडी कमी आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाच्या सूचनांनुसार विवाहापूर्वीच तयार ठेवणे इष्ट.

खर्च वाचवण्याच्या एका प्रकाराकडे मात्र पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी विशेष लक्ष ठेवावयास हवे. थोरलीच्या मांडवातच धाकटीचेही उरकून टाकले की एक जेवणावळ वाचते, असा हिशेब अनेक घरांत केला जातो आणि धाकटीला अठरावे लागलेले नसते. वधूचे 18 व वराचे 21 वर्षे हे वय पूर्ण नसल्यास 2006 च्या कायद्याने तो बालविवाह ठरतो. सामूहिक सोहळ्याचे आयोजकही त्याच्या कक्षेत येतात. ग्रामसेवक हे आपल्या गावापुरते बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असल्याने, एका मांडवात दोन बहिणी उभ्या राहणार असल्याचे कळताच शाळेच्या नोंदवहीतील दोघींच्या जन्मतारखा पाहून घेणे हे त्यांचे व मुख्याध्यापकांचे पहिले काम होय.