‘इलेव्हन इन वन’ची तीस वर्षं

जो माणूस घरातला गळका नळ स्वतः दुरुस्त करतो, रविवारी गडावर जातो आणि पाठपिशवीत सुतळीचा तुकडा बाळगतो, त्याला वाढदिवसाला काय द्यायचं हा नातेवाइकांपुढचा अवघड प्रश्न असतो. शर्टाचं माप माहीत नसतं, पुस्तक आवडेल की नाही याची खात्री नसते, पाकीट मागच्याच वर्षी दिलेलं असतं. मग दुकानात एक डबी दिसते. आत चकचकीत, हाताला जड लागणारी, घडी होणारी वस्तू आणि डबीवर ‘इलेव्हन इन वन’. अकरा हत्यारं, तीही दोन-तीनशे रुपयांत. देणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

मी या वर्गातला माणूस असल्याने गेली तीसेक वर्षं अशा डब्या माझ्याकडे येत आल्या आहेत. आत्या, मावसभाऊ, मेहुणा, जुने सहकारी, सगळे मनापासून देणारे. त्यांच्या प्रेमाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. वस्तूबद्दल मात्र आहे, आणि ती जरा सविस्तर करायची आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या घरांत बहुउपयोगी हत्यार म्हणजे नेलकटर. कोरियन ‘थ्री सेव्हन’चा किंवा त्याची नक्कल. त्याला बोटभर सुरी आणि बाटलीचं बूच उघडायचा आकडा असे. आगगाडीत त्या सुरीने पेरू कापणारे लोक मी पाहिले आहेत. खरा स्विस चाकू दिसायचा तो आखातातून किंवा अमेरिकेतून सुट्टीवर आलेल्या कुणाच्या तरी हातात, आणि तोही ‘बघून दे’ या बोलीवर. नक्कल मात्र मुंबईत मुसाफिरखान्याच्या आसपास सहज मिळे. नकली मालावर ‘मेड इन यूएसए’ असलं, तर ते यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही थट्टा तेव्हा घरोघरी ठाऊक होती. मला मिळालेला पहिला चाकू असाच: लाल प्लॅस्टिक, त्यावर पांढरा क्रॉस, आणि तोही जरा तिरका. पात्यावर जर्मन भाषेत ‘रोस्टफ्राय’, म्हणजे न गंजणारं, असं कोरलेलं होतं. एका पावसाळ्यात ते गंजलं.

लाल रंग आणि क्रॉस, नक्कल करणाऱ्याने एवढंच उचललं होतं, कारण गिऱ्हाइकाला तेवढंच ओळखू येत होतं. मूळ वस्तूचा इतिहास त्याहून बराच वळणांचा आहे. कार्ल एल्सनर याने १८८४ साली स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी चाकूंचा कारखाना काढला. स्विस सैन्याला नवी बंदूक मिळाली होती, ती उघडायला स्क्रूड्रायव्हर लागे, डबाबंद अन्न उघडायला पातं लागे, म्हणून शिपायासाठी एकच घडीचा चाकू ठरला. गंमत म्हणजे १८९१ मध्ये त्याची पहिली मोठी खेप जर्मनीतल्या झोलिंगेनहून आली, कारण एवढा माल वेळेत देऊ शकेल असा कारखाना स्वित्झर्लंडमध्येच नव्हता. एल्सनरने ते काम देशात आणलं आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीचा हलका, जास्त पात्यांचा चाकू नोंदवला. आज ज्याची नक्कल होते तो हा. आईच्या व्हिक्टोरिया या नावाला पुढे स्टेनलेस पोलादाचं ‘इनॉक्स’ जोडून १९२१ मध्ये व्हिक्टोरिनॉक्स झालं.

त्या चाकूतली खरी करामत बाहेरून दिसत नाही. लोहार ज्याला पाणी देणं म्हणतो, ते तिथे प्रत्येक पात्याला वेगळं दिलेलं असतं. कठीणपणाच्या रॉकवेल मापावर सुरीचं पातं ५६ च्या आसपास, करवत, कात्री आणि कानस ५३, स्क्रूड्रायव्हर आणि डबा उघडायचं पातं ५२, बुचाचा पेच आणि आतल्या स्प्रिंगा ४९. सुरी कठीण हवी, नाहीतर धार टिकत नाही. स्प्रिंग तेवढीच कठीण केली तर वाकण्याऐवजी तुटेल. नकली चाकूत सगळी पाती एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली असतात आणि पाणी दिलं असलं तर नावापुरतं. धारदार वस्तू भेट दिली की नातं तुटतं असं मानणारे लोक आपल्याकडे आहेत. या सुऱ्यांच्या बाबतीत ती भीती बाळगायचं कारण नव्हतं.

पुढचा टप्पा पकडीचा. त्याची मूळ कथा टिम लेदरमन या अमेरिकन माणसाची आहे. १९७५ मध्ये हा आणि त्याची बायको एका जुन्या फियाट गाडीतून युरोप आणि मध्यपूर्वेत फिरत होते. गाडी सतत बिघडे, स्वस्त हॉटेलांतले नळ गळत, खिशात साधा स्काउट चाकू. या चाकूला पक्कड असती तर, एवढाच त्याचा विचार. महिन्याभरात नमुना होईल असं वाटलं होतं, त्याला तीन वर्षं लागली. १९८० मध्ये पेटंट मिळालं, पण चाकूवाल्या कंपन्या म्हणाल्या हे हत्यार आहे, हत्यारवाल्या म्हणाल्या हा चाकू आहे. शेवटी १९८३ मध्ये मित्राबरोबर स्वतःच कंपनी काढली. पहिल्या वर्षी चार हजार नग खपतील असा अंदाज होता, तीस हजारांच्या जवळपास खपले.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्या पेटंटची मुदत संपली. १ एप्रिल २००१ ला भारताने आयातीवरची उरलीसुरली संख्यात्मक बंधनं उठवली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. या तिन्ही गोष्टी माझ्या टेबलाच्या खणात उमटल्या. २००२-०३ पासून लाल चाकू मागे पडले आणि पक्कडवाल्या डब्या सुरू झाल्या, सोबत पट्ट्याला अडकवायची काळी नायलॉनची पिशवी. मुंबईच्या मनीष मार्केटपासून तालुक्याच्या जत्रेपर्यंत हा माल पोचला. मग कंपन्यांनी तो उचलला. दिवाळीला वितरकांना, वार्षिक सभेत डीलरांना, पंचवीस वर्षं नोकरी झालेल्यांना, मुठीवर कंपनीचं नाव कोरून. असाच एक नग मला एका कार्यक्रमात शालीबरोबर मिळाला आहे.

त्यातला एक नुकताच उलगडून नीट पाहिला. पक्कड मिटली तरी जबड्यांच्या टोकांत फट राहते, उजेडाकडे धरली तर आरपार दिसतं. बारीक तार त्यात पकडलीच जात नाही. सांध्याला स्क्रू नाही, रिव्हेट आहे, म्हणजे ढिली झाली की कसायची सोय संपली. मुठी झिंकच्या ओतीव. जरा अडलेला नट फिरवताना अशीच एक मूठ माझ्या हातात बिस्किटासारखी तुटली होती. पाती बाहेर काढायची खाच इतकी उथळ की आधी नख तुटतं. चपट्या स्क्रूड्रायव्हरचं टोक गोलावलेलं, ते स्क्रूच्या खाचेत बसत नाही, घसरतं आणि खाच मारतं. मग तो स्क्रू चांगल्या हत्यारानेही निघत नाही. सुरीला लॉक नाही. गडावर काकडी कापताना एका सोबत्याच्या बोटावर ती मिटली, तेव्हा ती बोथट असल्याचं आम्हाला बरंच वाटलं. मुठींवर इन्सुलेशन नसतं, तरी डबीवरच्या चित्रात माणूस विजेची तार कापताना दाखवलेला होता. ते चित्र गुन्हा आहे.

आणि एक खरबरीत पट्टी. ती कसली हे मला कितीतरी दिवस कळलं नव्हतं. कोकणातल्या मावशीने सांगितलं की ही माशाचे खवले काढायची. तिने ती एका बांगड्यावर घासून पाहिली, धुऊन परत दिली आणि विळी पुढे ओढली. माझ्या घरी मासे शिजत नाहीत, बाटलीला कॉर्कचं बूच क्वचित असतं, पत्र्याचा डबा उघडायची वेळ आमरसाच्या निमित्ताने कधीतरी येते. म्हणजे अकरातली तीन इथेच बाद. पण ती काढून टाकली तर डबीवर ‘एट इन वन’ लिहावं लागेल आणि ते कोण घेईल? भेट घेणाऱ्याला दुकानात हत्यारं मोजता येतात, पोलाद दिसत नाही. मग कारखानदार तरी मोजता येईल तेच वाढवणार. यात नुसत्या नक्कलवाल्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. वेंगर या खानदानी स्विस कंपनीने २००७ च्या सुमारास ८७ अवजारांचा, किलोच्या वर वजनाचा चाकू काढला होता. तो दाखवण्यासाठी होता, वापरण्यासाठी नव्हे, हे त्यांना माहीत होतं. आपल्या तीनशेच्या डबीला ते माहीत नसतं, एवढाच फरक.

मधल्या काळात विमानतळांवरची तपासणी कडक झाली आणि हातातल्या सामानात असली पाती नेणं बंद झालं. चाकू जप्त झाल्यावर हळहळणारे प्रवासी मी पाहिले आहेत. माझा पक्कडवाला नग एकदा असाच ट्रेमध्ये राहिला. मी मागे वळून पाहिलं नाही.

२०१२ नंतर खरेदी मोबाइलवर आली आणि वस्तूचा फक्त फोटो दिसू लागला. त्याबरोबर माल आणखी विचित्र झाला. पाकिटात ठेवायचं पत्र्याचं कार्ड आलं, त्याला करवतीचे दाते, पाना, फूटपट्टी आणि बाटली उघडायची खाच. बाटली तेवढी उघडते, आणि पाकिटाचं अस्तर फाटतं. मग हातोडी आली, जिच्या पोटात पक्कड आणि पाठीला कुऱ्हाड. या हातोडीने खिळा ठोकायचा म्हणजे आतली सगळी पाती खुळखुळतात. कुऱ्हाड चालवायची तर हातोडी आपल्याकडे तोंड करून असते. रंग काळा, नाव लष्करी थाटाचं, कधी सोबत कंपास आणि शिट्टी. पूर्वी लाल रंग आणि क्रॉस विकला जात होता, आता काळा रंग आणि कमांडो.

याच वर्षांत एक उलटी गोष्टही घडली आणि ती सांगितली नाही तर अन्याय होईल. ‘चायना माल’ म्हणून हात झटकणं आता चालत नाही. ग्वांगडाँग प्रांतातलं यांगजियांग शहर चाकू-कात्र्यांसाठी नावाजलेलं आहे, आणि गँझो, नेक्सटूल, रॉक्सन या चिनी कंपन्या आज असे मल्टिटूल बनवतात की मी ते आनंदाने कमरेला लावीन. स्क्रूने कसता येणारा सांधा, लॉक होणारं पातं, नेमकी मिटणारी पक्कड. देश तोच. फरक पाणी देण्यावर आणि तपासणीवर होणाऱ्या खर्चाचा आहे आणि तो खर्च तीनशे रुपयांत बसत नाही, मग कारखाना इबाखला असो, लेदरमनच्या पोर्टलंडला असो की यांगजियांगला.

या भेटींचं पुढे काय होतं? फेकवत नाहीत, कारण देणारा घरी येतो आणि ‘वापरतोस ना?’ विचारतो. दुसऱ्याला द्यावी तर आपणच साखळी पुढे चालवली असं होतं. लहान मुलांच्या हाती द्यायची सोय नाही. माझ्याकडच्या बहुतेक खणातच पडून आहेत. एकीची कात्री टपालाची पाकिटं उघडायला चालते, एक पक्कड गच्चीवरचा पाइप आवळून धरायला कायमची गुंतली आहे. वायरमन आला की तो स्वतःच्या पिशवीतून टापारियाची पक्कड काढतो. माझ्या खणाकडे तो ढुंकूनही पाहत नाही.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. अशा माणसाला काही द्यायचंच असेल तर तीनशे रुपयांत अकरा हत्यारं शोधू नका, एक शोधा. नाशिकच्या सातपूरमधल्या टापारियाचा एखादा चांगला स्क्रूड्रायव्हर त्या पैशांत येतो आणि तो तुमच्या पुतण्यालाही पुरेल. हात सैल असेल तर व्हिक्टोरिनॉक्सचा सर्वांत छोटा चाकू घ्या. त्यात एक सुरी, कात्री, कानस, चिमटा आणि दात कोरायची काडी आहे, आणि पाचही कामं होतात. मल्टिटूलच घ्यायचा असेल तर दुकानातच उघडून पाहा: पक्कड मिटून उजेडाकडे धरा, पातं लॉक होतं का बघा, सांध्याला स्क्रू आहे की रिव्हेट ते बघा. दुकानदार उघडू देत नसेल तर दुसरं दुकान गाठा. आणि भेट बांधताना किंमत कळू नये म्हणून बिल काढून टाकायची आपली पद्धत या एका वस्तूपुरती सोडा. लेदरमन पंचवीस वर्षांची वॉरंटी देतं, आणि दुरुस्तीची वेळ आली तर बिल हाताशी असलेलं बरं.